धरमपेठेतील परदेशी शिक्षण सल्ला केंद्र : सात भेटींनंतरचे मत

माझी मुलगी 2024 साली नागपूर विद्यापीठातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पुढचे शिक्षण परदेशात घ्यावे, अशी तिची इच्छा होती, म्हणून आम्ही धरमपेठेतील एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्रात नाव नोंदवले आणि सप्टेंबर ते जानेवारी या काळात तेथे सात वेळा जाणे झाले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही. ज्या त्रुटी मला खटकल्या, त्यांतील बहुतेक त्या एका कार्यालयाच्या नसून या व्यवसायाच्या रचनेतूनच आलेल्या आहेत, हे रामदासपेठेत आणि बर्डीवर आणखी दोन ठिकाणी चौकशी केल्यावर माझ्या लक्षात आले. मी एका मराठी शाळेत 29 वर्षे गणित शिकवले आहे. त्यामुळे समोर ठेवलेला आकडा कुठून आला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही आणि या लेखातील बराचसा भाग त्या विचारण्यातूनच निघालेला आहे.

आधी चांगले ते सांगते. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, स्वच्छ आहे आणि दिलेली वेळ तेथे पाळली जाते. सातपैकी सहा वेळा आम्हाला दहा मिनिटांच्या आत आत बोलावले गेले. काउन्सेलर मुलगी पंचविशीतली, मृदू बोलणारी आणि कष्टाळू होती. पहिल्या दोन भेटींत ती मला ‘मॅडम’ म्हणत असे, नंतर ‘काकू’ म्हणू लागली आणि तिच्या बोलण्यात कधीही घाई किंवा तुच्छता जाणवली नाही. आमच्या आधी भंडाऱ्याचे एक कुटुंब होते, त्यांना इंग्रजी पत्रे समजत नव्हती, तर तिने प्रत्येक पत्र मराठीत समजावून सांगितले. कागदपत्रांची यादी, पारपत्राची मुदत, बँकेचे दाखले, अर्जांच्या तारखा या सगळ्या बाबींत हे लोक तरबेज आहेत. ज्या घरातून यापूर्वी कोणी परदेशी गेलेले नाही, त्या घराला एवढ्याचाही फार मोठा आधार वाटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

इंग्रजीच्या चाचणीची तयारीही येथे मनापासून करून घेतात. आयईएलटीएस ही परीक्षा 1989 पासून घेतली जाते. तिचे गुण 9 बँडच्या पट्टीवर मोजतात आणि निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. आम्ही भरले तेव्हा शुल्क 17,000 रुपयांच्या घरात होते. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. वाचन आणि लेखन तिला जड गेले नाही, पण समोरच्या परीक्षकाशी न अडखळता बोलणे तिला अवघड वाटत होते. तेथील शिक्षकांनी सहा आठवडे रोज अर्धा तास तिच्याकडून बोलण्याचा सराव करून घेतला आणि तिचा उच्चार बदलण्याचा हट्ट न धरता वाक्य पूर्ण करण्यावर भर दिला. शिक्षक म्हणून मला ही पद्धत फार आवडली. सरावाच्या वर्गाचे 9,000 रुपये घेतले, ते वाजवी होते.

आता मुख्य सेवेकडे, म्हणजे विद्यापीठ निवडून देण्याकडे वळते.

दुसऱ्या भेटीत आमच्या हाती सहा विद्यापीठांची छापील यादी आली. त्यांत चार इंग्लंडमधली, एक आयर्लंडमधले आणि एक ऑस्ट्रेलियातले होते. मुलीने अर्जात विषय ‘संख्याशास्त्र’ असा स्पष्ट लिहिला होता, तरी यादीतील पाच अभ्यासक्रम ‘डेटा सायन्स’ किंवा ‘बिझनेस अॅनालिटिक्स’ या नावाचे होते. शुद्ध संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम एकच होता आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले होते. मुलीने विचारले तेव्हा सांगण्यात आले की, मागणी याच विषयांना आहे आणि प्रवेशही लवकर मिळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण एकाच प्रकारचा एका वर्षाचा अभ्यासक्रम इतक्या विद्यापीठांत का असावा, हे कोडे मला घरी आल्यावरही सुटेना, म्हणून मी थोडे वाचन केले.

इंग्लंडमध्ये तेथल्याच विद्यार्थ्यांकडून पदवीसाठी घ्यायचे शुल्क सरकार ठरवते. ते 2017 पासून वर्षाला 9,250 पौंडांवर थांबलेले होते आणि 2025 मध्ये प्रथमच 9,535 पौंड झाले. मधल्या आठ वर्षांत महागाई वाढली, पगार वाढले, वीज महागली. ही तूट भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्यांच्या शुल्कावर सरकारी मर्यादा नाही अशा बाहेरच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवणे. एका वर्षात पूर्ण होणारे, नोकरीच्या नावाशी जुळणारे आणि बाहेरच्या अर्जदाराला पटकन समजणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यासाठी सोयीचे ठरतात. म्हणजे आमच्या हातातल्या यादीत माझ्या मुलीच्या आवडीपेक्षा तिकडच्या विद्यापीठांच्या जमाखर्चाचा वाटा मोठा होता. जागतिकीकरणाने गरीब देशांच्या शिक्षणव्यवस्था बदलल्या, असे आपण नेहमी बोलतो. श्रीमंत देशांच्या व्यवस्थाही त्याने तितक्याच बदलल्या आहेत आणि तेथल्या विद्यापीठाचा खर्च काही प्रमाणात नागपूर, लागोस आणि काठमांडूच्या पालकांच्या कर्जावर चालतो, ही गोष्ट मला धरमपेठेतल्या त्या खोलीत प्रथम नीट कळली.

तिसऱ्या भेटीच्या वेळी काटोलकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. संत्र्याची बाग होती, मुलगा अभियंता झालेला होता आणि बागेवर कर्ज काढण्याचा विचार चालला होता. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी हळूच मला विचारले, “मॅडम, हे सारं फुकट करून देतो म्हनतात. मंग यायले पगार कोन देते जी?”

इतका नेमका प्रश्न त्या पाच महिन्यांत मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही. उत्तर लपवलेले नाही, पण भिंतीवर लिहिलेलेही नाही. विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की परदेशी विद्यापीठ सल्ला केंद्राला दलाली देते आणि ती सामान्यतः पहिल्या वर्षाच्या शुल्काशी बांधलेली असते. शुल्क जितके जास्त, तितकी दलाली जास्त. काउन्सेलरला मी हे सरळ विचारले तेव्हा तिने नाकारले नाही, याबद्दल तिला मी पूर्ण गुण देते. परंतु नाव नोंदवतानाच हे छापील स्वरूपात सांगितले पाहिजे. विमा विकणारा माणूस विमा कंपनीचा असतो हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण त्याचे बोलणे त्या हिशेबाने ऐकतो. येथे मात्र पालक ‘सल्ला’ या शब्दावर विश्वास ठेवून येतात आणि समोर बसलेला माणूस आपला आहे, असे धरून चालतात.

या व्यवहाराला जागतिक व्यापाराच्या भाषेत रीतसर नाव आहे. 1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत सेवांच्या व्यापाराचा करार, म्हणजे ‘गॅट्स’, लागू झाला. त्या कराराने शिक्षणालाही सेवांच्या यादीत घेतले आणि सेवा देण्याचे चार प्रकार ठरवले. दूर बसून सीमेपलीकडे सेवा पुरवणे हा पहिला. ग्राहकाने दुसऱ्या देशात जाऊन ती घेणे हा दुसरा. दुसऱ्या देशात शाखा उघडणे हा तिसरा आणि माणसांनी तिकडे जाऊन सेवा देणे हा चौथा. माझी मुलगी यातल्या दुसऱ्या प्रकारात मोडते. कराराच्या परिभाषेत तिच्या एम.एस्सी.ला ‘परदेशातील उपभोग’ म्हणतात. हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते.

येथे मला बाबासाहेबांची आठवण होते. नागपुरात राहणाऱ्या माणसाला ती व्हायला फार दूर जावे लागत नाही. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या करारात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट होती. ती सेवा पुढे कशी अशक्य केली गेली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु एका राज्याने एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवावे ते आपल्या प्रजेच्या उपयोगासाठी, ही त्यामागची कल्पना स्पष्ट होती. आजच्या सल्ला केंद्रात ती कल्पना कोणाच्याच डोक्यात नसते आणि तिथल्या तरुण मुलामुलींना त्याचा दोष देणेही बरोबर नाही.

दोष द्यायचा तो दुसऱ्या गोष्टीला. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि दरवर्षी 75 विद्यार्थ्यांना ती मिळते. इतर मागास वर्गांसाठीही राज्याची वेगळी परदेश शिष्यवृत्ती आहे. श्रद्धानंदपेठेतील सामाजिक न्याय भवन या केंद्रापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तरीही पाच महिन्यांत या योजनांचा साधा उल्लेखही मी तेथे ऐकला नाही. भिंतीवर शैक्षणिक कर्ज देणाऱ्या दोन खाजगी वित्तसंस्थांची मोठी पत्रके होती. काटोलच्या गृहस्थांना मी योजनेची माहिती एका कागदावर लिहून दिली. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहरातील परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रात ही माहिती दर्शनी भागात असायला हवी, याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

या शिष्यवृत्तीला एक अट आहे, ती जागतिक क्रमवारीची. ठरावीक क्रमांकाच्या आतील विद्यापीठात प्रवेश मिळाला तरच विद्यार्थी पात्र ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्यासाठी नियम केले, त्यांतही जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये असण्याचा निकष आहे. म्हणजे परदेशातील खाजगी संस्थांनी केलेली क्रमवारी आता आपल्या सरकारी नियमांत कायद्याच्या जोराने बसली आहे. केंद्रातही प्रत्येक विद्यापीठाच्या नावापुढे क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या क्रमवारीतला क्रमांक लिहिलेला होता. हा क्रमांक कसा काढतात, असे मी विचारले, तर “काकू, सगळं बघून काढतात” असे उत्तर मिळाले. मग मी तो हिशेब स्वतः पाहिला. क्यूएसच्या सध्याच्या पद्धतीत 30 टक्के भार जगभरातील प्राध्यापकांच्या मतांना आणि 15 टक्के भार नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहे. म्हणजे 45 टक्के गुण नावलौकिकाचे झाले. प्रत्यक्ष शिकवण्याशी ज्याचा जवळचा संबंध जोडता येईल असा घटक म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण, आणि त्याला 10 टक्के आहेत. विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत विषय समजावून दिला का, खेड्यातून आलेली पहिल्या पिढीची मुले पदवीपर्यंत टिकली का, आजूबाजूच्या जिल्ह्यांना विद्यापीठाचा काही उपयोग झाला का, यांना एकही गुण नाही. 1923 साली स्थापन झालेल्या आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाने जे काम शंभर वर्षे केले, ते मोजण्याची पट्टीच या हिशेबात नाही. पट्टी नसली की काम दिसत नाही, आणि दिसत नाही त्या कामासाठी पुढे निधी मिळणेही अवघड होत जाते.

जर्मनीबद्दल विचारले तेव्हा या सेवेची रचना सर्वांत स्वच्छ दिसली. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीशुल्क घेत नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सत्राला 1,500 युरो घेतले जातात, पण तो अपवाद आहे. शुल्क नाही म्हणजे दलालीही नाही. त्यामुळे जर्मनी आमच्या यादीत नव्हती आणि मागितल्यावर तिच्यासाठी 60,000 रुपयांचे वेगळे पॅकेज सांगण्यात आले. हे मला खटकले नाही, उलट प्रामाणिक वाटले, कारण येथे काम करणाऱ्याला पैसे देणारी मी होते आणि त्यामुळे तो माझे काम करील, अशी अपेक्षा ठेवता येत होती. आम्ही 10,000 रुपये भरून त्याचा पहिला टप्पा घेतला.

त्या पहिल्या टप्प्यात जी चूक झाली ती गंभीर होती. जर्मन पद्धतीत 1.0 हा सर्वोत्तम श्रेणीगुण असतो आणि 4.0 ला विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण होतो. परदेशी गुण त्या पट्टीवर आणण्यासाठी एक सूत्र आहे : सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागायचे, 3 ने गुणायचे आणि 1 मिळवायचा. मुलीचा सीजीपीए, म्हणजे सरासरी श्रेणीगुण, 10 पैकी 8.2. उत्तीर्णतेचा किमान श्रेणीगुण 4 आहे, त्यामुळे 1.8 भागिले 6 म्हणजे 0.3, त्याच्या तिप्पट 0.9 आणि उत्तर 1.9. केंद्राच्या कोष्टकात मात्र किमान गुण 5 धरला होता, म्हणून उत्तर 2.08 आले होते. मुलीने निवडलेल्या दोन अभ्यासक्रमांची मर्यादा 2.0 होती आणि त्या कोष्टकाच्या आधारावर ‘अपात्र’ असा शिक्का मारून ते दोन्ही वगळले गेले होते. मी कागदावर मांडून दाखवल्यावर काउन्सेलरने लगेच दुरुस्ती केली आणि मनापासून दिलगिरी व्यक्त केली. पण ज्या मुलाच्या घरी कोणी गणित तपासणारे नाही, त्याची दोन विद्यापीठे त्याला न कळताच गेली असती. गुणांचे रूपांतर हा या सेवेचा कणा आहे. तेथे दुसऱ्या माणसाने तपासण्याची व्यवस्था असायलाच हवी.

याच रूपांतरात आपल्या शिक्षणव्यवस्थेवर काय घडते आहे, तेही दिसते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण 16 वर्षांचे शिक्षण मागतात. आपली बारावी अधिक तीन वर्षे म्हणजे 15 होतात. युरोपात 1999 मध्ये 29 देशांनी बोलोन्या येथे एकत्र येऊन पदव्यांची रचना परस्परांशी जुळवण्याचे ठरवले, त्यातून तीन वर्षांची पदवी आणि श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटांची, समान पट्टी आली, म्हणून तेथे आपले विद्यार्थी तुलनेने सहज बसतात. भारताने 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आणला, मधेच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय केली आणि 2021 पासून श्रेयांकांची पेढी सुरू केली. काउन्सेलरने सांगितले, “ताईची डिग्री नव्या पॅटर्नची असती तर अमेरिकेचंही सोपं झालं असतं.” तिच्या व्यवसायाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे.

मी या बदलाच्या विरोधात नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भाषा किंवा संगीत शिकता यावे, आजारपणाने किंवा लग्नाने शिक्षण तुटलेल्या मुलीला पुन्हा त्याच जागी उभे राहता यावे, या गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. मात्र चौथे वर्ष वाढवले की चौथ्या वर्षाला शिकवणारी माणसेही वाढवावी लागतात. आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांत विभागाचा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते आणि पुढच्या सत्राला आपण असू की नाही, याची त्यांना खात्री नसते. माझ्या मुलीला दोन वर्षे ज्या बाईंनी संभाव्यता शिकवली, त्या अशाच होत्या आणि त्यांच्याइतके चांगले शिकवणारे तिला दुसरे कोणी भेटले नाही. पदवीचा साचा परदेशाशी जुळवण्याचे काम काही वर्षांत झाले. त्या बाईंची जागा कायम करण्याचे काम त्याहून जुने आहे आणि ते अजून झालेले नाही. साचा बाहेरच्यांना दिसतो, बाईंची नेमणूक कोणत्याही परदेशी अर्जात लिहावी लागत नाही, आणि मला वाटते त्या दिरंगाईचे एक मोठे कारण येथेच आहे.

ज्या प्रसंगाने मला सर्वांत जास्त दुखावले, तो प्रवेश-निवेदनाचा होता. हे निवेदन विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे असते. मुलीने लिहिलेला मसुदा केंद्राने ‘सुधारून’ परत दिला. तिच्या मूळ मसुद्यात तिने आठवीत असताना वर्गातल्या मुलींच्या उंचीचा आलेख काढला होता, तो प्रसंग होता, आणि ती मराठी माध्यमात शिकल्यामुळे गणिताच्या कल्पना आधी मराठीत आणि मग इंग्रजीत अशा दोनदा समजून घेतल्याने तिला त्या पक्क्या कळल्या, असे एक वाक्य होते. ते दोन्ही काढून टाकले होते. त्यांच्या जागी लहानपणापासून विदेचे, म्हणजे डेटाचे, आकर्षण असल्याचा एक गुळगुळीत परिच्छेद आला होता, जो शेजारच्या मुलाच्या निवेदनातही जवळजवळ तसाच होता. मराठी माध्यमाचा उल्लेख का काढला, असे विचारल्यावर “तो वीक पॉइंट वाटतो” असे कळले. मी 29 वर्षे ज्या माध्यमात शिकवले, महापालिकेच्या ज्या मराठी शाळा आमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक बंद पडल्या, त्या सगळ्याचा निर्णय या चार शब्दांत होता. मुलीने शांतपणे आपला मूळ मसुदा परत मागून घेतला आणि तोच पाठवला.

तिच्या विषयाचा इतिहासही तिने त्या निवेदनात दोन ओळींत लिहिला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. 1947 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगाचे ते अध्यक्ष होते आणि 1950 मध्ये त्यांच्या कोलकात्याच्या संस्थेत आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झाले, जेथे आशिया आणि आफ्रिकेतील देशांचे संख्याशास्त्रज्ञ शिकायला येत राहिले. नागपूरचे उदाहरण द्यायचे तर कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती विद्यापीठाला दिली ती उपयोजित विज्ञान येथे शिकवले जावे म्हणून, आणि त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. शिक्षणाने सीमा ओलांडणे हे नवे नाही आणि ते एकाच दिशेने होत असे, असेही नाही. केंद्रातल्या एका जगाच्या नकाशावर सगळे बाण भारतातून बाहेर जाणारे होते. तो नकाशा मला प्रत्येक भेटीत अपुरा वाटला.

पैशांच्या बाबतीत पालकांना उपयोगी पडेल असे थोडे सांगते. जर्मनीच्या व्हिसासाठी आमच्या वेळी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधी दाखवावे लागत होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना 2022 च्या अखेरीपासून कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते, त्याचे शुल्क तेव्हा 18,000 रुपये होते. कॅनडाने हीच खर्चाची हमी 1 जानेवारी 2024 पासून 10,000 डॉलरवरून 20,635 डॉलर केली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै 2024 मध्ये 710 डॉलरवरून 1,600 डॉलरवर नेले. हे आकडे केंद्राने आम्हाला वेळेवर आणि अचूक दिले, ही गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ज्या देशांनी दारे सताड उघडली होती, तेच आता संख्या कमी करू पाहत आहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या कोणाच्या अनुभवावर विसंबून बागेवर कर्ज काढू नये, हे मी काटोलच्या गृहस्थांना सांगितले आणि काउन्सेलरनेही त्याला दुजोरा दिला.

शेवटी आम्ही जर्मनीचे ते पॅकेज सोडले. भरलेल्या 10,000 रुपयांपैकी 4,000 रुपये तीन आठवड्यांत खात्यात परत आले. पुढचे अर्ज मुलीने स्वतः भरले, त्यासाठी लागणारी माहिती जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण सेवेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तिने दोन जर्मन विद्यापीठांत आणि कोलकात्याच्या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेसाठी अर्ज केला आहे.

इंग्रजीच्या सरावासाठी आणि व्हिसाच्या कागदपत्रांसाठी या केंद्रात जरूर जावे. विद्यापीठ निवडण्यासाठी जाताना विषय स्वतः पक्का करून जावे आणि यादी हाती आल्यावर यातील कोणत्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. केंद्र सोमवार ते शनिवार सकाळी 11 ते संध्याकाळी 7 उघडे असते. गाडी लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने शंकरनगर चौकात उतरून चालत जाणे बरे पडते. गुणपत्रिकांच्या छायाप्रती काढताना मागची बाजूही काढून घ्यावी, कारण आमच्याकडे उत्तीर्णतेचा किमान श्रेणीगुण तेथेच छापलेला होता.